सुरी काळी पडली म्हणजे घाण झाली का?

बकरीदला आठ-दहा दिवस राहिले की आपल्या घरांतून सुऱ्या बाहेर निघतात. जुन्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळून वर्षभर माळ्यावर ठेवलेला मोठा सुरा, कातडे सोलायची लहान सुरी, हाडे तोडायचा सत्तूर. फडके सोडले की बहुतेक घरी एकच प्रकार दिसतो. पात्यावर तांबूस ठिपके आणि मुठीजवळ गंजाचा पापुद्रा. मग घरातील बाई विटेचा भुगा, राख नाहीतर तारेची घासणी घेऊन मोरीत बसते आणि पाते चांदीसारखे होईपर्यंत घासते. कुर्बानी होते, सुऱ्या धुऊन पुन्हा बांधल्या जातात आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. त्यात गेली काही वर्षे बकरीद पावसाच्या तोंडावर येत आहे. २०२३ साली ती २९ जूनला होती, २०२४ साली १७ जूनला, २०२५ साली ७ जूनला. म्हणजे सुऱ्या माळ्यावर गेल्या की लगेच पुढे चार महिने दमट हवा.

आमचे गाव राधानगरीच्या बाजूचे, भरपूर पावसाचे. घरी हे घासण्याचे काम चाळीसहून अधिक वर्षे अम्मींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी केले. अब्बा दरवर्षी स्वतःच्या हाताने कुर्बानी करीत. गल्लीतील चार-सहा घरेही त्यांनाच बोलावीत. त्यांच्या तिन्ही सुऱ्या गावच्या लोहाराने ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून घडवलेल्या आहेत. मोठा सुरा नवा होता तेव्हा तीन बोटे रुंद होता, असे अम्मी सांगतात. आज तो दीड बोट उरला आहे. धार लावण्यात थोडा गेला, घासण्यात बराच गेला.

अब्बांचा इंतकाल झाला त्याला आता काही वर्षे होत आली. अम्मींच्या बोटांचे सांधे सुजतात. सकाळी मूठ वळत नाही. तरी त्यांच्या माघारी आलेल्या पहिल्या बकरीदला अम्मी तिन्ही सुऱ्या घेऊन मोरीत बसल्याच. आमचे हे म्हणाले, "अम्मी, या आता भंगारात देऊन टाकू. बाजारात स्टीलच्या चांगल्या मिळतात. गंजत नाहीत, घासायला लागत नाहीत." अम्मी काही बोलल्या नाहीत, घासत राहिल्या. रात्री मी त्यांच्या बोटांना तेल चोळत होते तेव्हा एवढेच म्हणाल्या, "दुल्हन, मेरे बाद फेंको. अभी नको."

तेव्हापासून मला दोन गोष्टी एकदम हव्या होत्या. अब्बांच्या सुऱ्या घरात राहायला हव्यात आणि अम्मींचे घासणे थांबायला हवे. वाट दाखवली ती यांच्या पुतण्याने. तो दुबईला एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करतो. सुट्टीवर आला असताना त्याने अब्बांचा सुरा हातात घेऊन पाहिला आणि म्हणाला, "चाची, तुम्ही हे पाते घासून पांढरे का करता? आमच्याकडे पोलादाच्या सुऱ्या मुद्दाम काळ्या करतात. त्याला पॅटिना म्हणतात. तो थर बसला की सुरी सहज गंजत नाही."

अम्मींनी हे ऐकले आणि तोंड वळवले. काळी सुरी त्यांच्या दृष्टीने घाण सुरी. त्यांचे चुकीचे होते असेही नाही. पाकी हा ईमानचा अर्धा भाग आहे हे आपण लहानपणापासून ऐकत आलो, आणि ज्या पात्याने कुर्बानी होते त्यावर वाहिलेल्या रक्ताचा अंश राहता कामा नये हे तर उघडच आहे. म्हणून पात्यावरचा काळा रंग नक्की कशाचा असतो, हे आधी नीट समजून घेणे भाग होते.

लोखंडात थोडा कार्बन मिसळला की पोलाद होते. कमानीच्या पाट्यात तो शंभरात साधारण अर्धा भाग असतो आणि चांगल्या सुऱ्यांत एक भागाच्या आसपास. एवढ्याशा कार्बनमुळे पाते कडक होते आणि धार धरते. न गंजणाऱ्या स्टीलमध्ये याशिवाय शंभरात दहा भागांहून अधिक क्रोमियम असते. हवा लागताच क्रोमियमचा अगदी पातळ, डोळ्यांना न दिसणारा पडदा पात्यावर तयार होतो आणि तो लोखंडाला जपतो. हे स्टील इंग्लंडमधील शेफिल्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली तयार केले. त्याआधी पोलादाच्या सुऱ्या अब्बांच्या सुऱ्यांसारख्याच होत्या, म्हणजे गंजणाऱ्या. तिकडचे श्रीमंत लोक फळे आणि मासे खायला चांदीच्या सुऱ्या ठेवीत, कारण लिंबाचा रस लागला की पोलाद काळे पडे आणि पदार्थाला लोखंडी चव येई.

आता गंज आणि हा काळा थर यांतला फरक. दोन्ही लोखंडापासूनच होतात. तांबडा गंज फुगीर आणि भुसभुशीत असतो. तो पात्याला घट्ट धरत नाही, पापुद्र्याने सुटतो, ओल धरून ठेवतो आणि खालचे लोखंड खात जातो. काळा किंवा निळसर राखाडी थर दाट आणि पातळ असतो. तो पात्याला चिकटून बसतो आणि त्याच्याखाली हवा-पाणी सहज पोहोचत नाही. आंबट पदार्थ, कांद्यातील गंधक, हिरड्यातील तुरट द्रव्य यांच्याशी लोखंडाचा संयोग झाला की असा थर बनतो. तो वरून लागलेला मळ नव्हे. पात्याच्याच लोखंडाने रूप बदललेले असते.

आपण बायकांनी हे रोज पाहिलेले आहे. केसांना लावायची मेंदी आवळ्याची पूड घालून लोखंडी कढईत रात्रभर भिजवतो आणि सकाळी ती काळी झालेली असते. केळफूल चिरताना विळीचे पाते काळवंडते. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस यांपासून लिहायची शाई करीत. हिराकस हा लोखंडाचाच क्षार, आणि त्या शाईचा काळेपणा लोखंडाचा हिरड्यातील तुरट द्रव्याशी संयोग होऊन येतो. कोल्हापुरी चपलांचे कातडे कमावायला बाभळीच्या सालीबरोबर हिरडा वापरतात, तोही याच तुरट द्रव्यासाठी.

अब्बांच्या सुऱ्यांना हात लावण्याआधी मी आठवडी बाजारातून लोहाराकडच्या चार लहान सुऱ्या आणल्या. चारही साबणाने धुतल्या, कोरड्या केल्या आणि नंतर पात्याला बोट लावले नाही, कारण बोटाचे तेल लागले की तेवढी जागा कोरी राहते.

पहिली सुरी सिरक्याची. बाजारातल्या पांढऱ्या सिरक्यात शंभरात चार-पाच भाग आम्ल असते. तो काचेच्या उभ्या ग्लासात कोमट करून ओतला आणि पाते बुडवले. थोड्या वेळात बारीक बुडबुडे सुटू लागले. दहा मिनिटांनी काढून पुसले तर पाते शिशासारखे राखाडी झाले होते. असे तीनदा केल्यावर रंग गडद आणि सारखा झाला. सिरका हे किती चांगले सालन आहे असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी फरमावल्याची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. आमच्या घरी तो कांद्यावर घालायला नेहमी असतोच, त्यामुळे वेगळे काही विकत आणावे लागले नाही.

दुसरीला लोणच्यासाठी फेसतो तशी मोहरी सिरक्यात फेसून कापसाने ठिपके ठिपके लावले. अर्ध्या तासाने धुतल्यावर ठिपक्यांच्या कडा जास्त गडद उठल्या, कारण तेथे मोहरी आणि हवा दोन्ही एकदम लागतात. पात्यावर ढगांची नक्षी उमटली. मुलांना हीच सुरी सर्वांत आवडली.

तिसरी एका मोठ्या कच्च्या बटाट्यात खुपसून तीन तास ठेवली. रंग आला, पण पट्ट्यापट्ट्यांचा. बटाटा घट्ट टेकला तेथे गडद, पोकळी राहिली तेथे फिका. चौथीला आधी सिरक्याचा हात दिला आणि मग दोन चमचे हिरड्याची पूड कपभर पाण्यात उकळून, गाळून, त्या कोमट काढ्यात अर्धा तास ठेवली. ही जवळजवळ निळी-काळी झाली, शाईसारखी. हिरडा नसेल तर दूध-साखरेविना कडक उकळलेला चहा चालतो. त्यातही तुरट द्रव्य असते, रंग थोडा फिका येतो. लिंबू मी मोठ्या सुऱ्यांसाठी वापरणार नव्हते, कारण त्याचे आम्ल जोरदार असते. जास्त वेळ राहिले तर पाते खरखरीत करते आणि धार खाते.

चारही सुऱ्या मी अम्मींपुढे ठेवल्या. वाद घातला नाही. त्यांनी त्यांच्याच पद्धतीने परीक्षा घेतली. पांढऱ्या मलमलीचा ओला तुकडा पात्यावर दाबून ओढला. कापडाला काही लागले नाही. काकडी सोलून तिच्या चकत्या केल्या. डाग नाही, वास नाही. मग घासून चकचकीत केलेली आपली भाजीची सुरी आणली, तीही लोखंडी. ती आणि हिरड्याची काळी सुरी दोन्ही ओल्या फडक्यात गुंडाळून मोरीच्या कट्ट्यावर रात्रभर ठेवल्या. सकाळी फडके उघडले. चकचकीत सुरीवर तांबडे ठिपके उठले होते आणि फडक्यालाही गंजाचा डाग पडला होता. काळ्या सुरीवर टोकाशी एक बारीकसा ठिपका, बाकी काही नाही.

अम्मी बराच वेळ दोन्ही सुऱ्या पाहत होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या माहेरी लोणच्याच्या दिवसांत विळी कुणी घासत नव्हतं. आई घासू द्यायची नाही. कैऱ्यांचा चीक आणि आंबट लागून पातं काळं व्हायचं. म्हणायची, असू दे, पावसाळा निघेल यावर." नंतर स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "लग्न होऊन इथं आले. इथं सासूला सुरी लख्ख लागायची."

मी गप्प बसले. मी बाहेरून शोधत होते ते त्यांच्या आईला माहीत होते. मे महिन्यात कैरी, जूनमध्ये पाऊस. लोणच्याची विळी त्या क्रमाने आपोआप तयार होत असे. लख्ख घासण्याची शिस्त नंतर आली आणि आधीची समज तिच्याखाली दबली.

अब्बांच्या सुऱ्या अम्मींनी स्वतः केल्या. मोहरी, बटाटा वगैरे त्यांना नको होते. पाच-सहा आंबट कैऱ्या किसल्या, किसाचा जाड थर पात्याच्या दोन्ही बाजूंना दिला आणि वर ओले फडके गुंडाळले. अर्ध्या अर्ध्या तासाने कीस बदलत दुपारपर्यंत हे चालले. मध्ये यांनी विचारले, "अम्मी, हात दुखत नाहीत ना?" त्या म्हणाल्या, "यात घासायचं काय आहे?" असर होईपर्यंत तिन्ही पात्यांवर गडद राखाडी रंग चढला होता.

मग मोठा सुरा शिकलगारांकडे गेला. सांगली-कोल्हापूर भागात शिकलगार आडनावाची कितीतरी मुसलमान घरे आहेत. हा शब्द अरबी 'सैकल' म्हणजे जिल्हई, यावरून आला. पात्याला जिल्हई करणारा आणि धार लावणारा तो सैकलगर. आपल्या दख्खनच्या पोलादाला एके काळी इराण-अरबस्तानात मोठी मागणी होती. त्या पोलादाच्या पात्यावरची लाटांसारखी नक्षी दिसण्यासाठी त्यावर आम्ल द्रव्याचा हात द्यावा लागे, म्हणजे पाते काही अंशी काळे करावे लागे. नवव्या शतकात अल्-किंदी या विद्वानाने तलवारींच्या प्रकारांवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. जाणकारांच्या लेखी पात्याचा गडद रंग ही घाण कधीच नव्हती.

आमच्या शिकलगारांनी फक्त धारेची कड उजळली, बाकी काळे तसेच ठेवले. हे आवश्यकच असते. आम्ल लागले की धार थोडी बोथट होते, म्हणून रंग दिल्यावर धार पुन्हा लावलीच पाहिजे. येथे हयगय चालणार नाही. हजरत शद्दाद बिन औस (र.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये प्रेषितांनी (स.) जबह चांगल्या रीतीने करावे, सुरीला धार लावावी आणि जनावराला त्रास होऊ देऊ नये असे सांगितले आहे. कुर्बानीच्या वेळी त्यांनी हजरत आयेशा (र.) यांना सुरी आणून ती दगडावर घासून तेज करायला सांगितल्याचेही सहीह मुस्लिममध्ये आले आहे. धारेबाबत इतकी स्पष्ट ताकीद आहे. पाते चकाकले पाहिजे असे त्यात कोठे आलेले नाही.

रक्ताची शंका ज्यांच्या मनात येईल त्यांच्यासाठी एक गोष्ट. कुर्बानीनंतर सुरी साबणाने आणि वाहत्या पाण्याने नीट धुवायचीच असते, ती काळी असो वा पांढरी. बोटाला चिकट लागते तोपर्यंत धुणे संपत नाही. गरम मटण कापल्यावर पात्यावर निळसर-जांभळी झाक येते, ती धुऊनही राहते. ती लोखंडाची झाक आहे. नुसती कैरी लावलेल्या पात्यावरही रंग चढतोच, आणि तेथे रक्ताचा संबंधच नसतो.

ज्या बहिणींना हे करून पाहायचे असेल त्यांनी थोडे सांभाळावे. बकरीदच्या दोन-तीन आठवडे आधी करावे, म्हणजे धार लावायला वेळ मिळतो. सुरीवर आधीचा तांबडा गंज असेल तर तो एकदा काढून टाकावा, त्यावर थर बसत नाही. फरशीचे किंवा संडासाचे ॲसिड कधीही वापरू नये. त्याची वाफ छातीत जाते आणि पाते उलट जास्त गंजते. सिरका आणि कपडे पांढरे करायचे ब्लीच एकत्र येऊ देऊ नयेत, त्यातून विषारी वायू सुटतो. रंग आल्यावर पाते खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढावे, म्हणजे उरलेले आंबट मारले जाते. मग ताबडतोब कोरडे करून खोबरेल तेलाचा पुसट हात द्यावा. पहिल्या दोन-चार वेळा कांदा किंवा कैरी कापताना थोडा लोखंडी वास येईल. थर पक्का झाला की तो जातो. आणि हा थर म्हणजे कवच नव्हे. ओली सुरी तशीच टाकली तर तीही गंजेल. तांबडा ठिपका दिसला तर तेवढाच भाग तेल आणि मऊ फडक्याने पुसावा, संपूर्ण पाते घासू नये. काळे राहू द्यावे, तांबडे काढावे, एवढे लक्षात ठेवले की पुरते.

कुरआनातील सत्तावन्नाव्या सूरहचे नावच अल्-हदीद, म्हणजे लोखंड. लोखंडात मोठे बळ आहे आणि लोकांसाठी फायदे आहेत असे त्यात आले आहे. ती सूरह वाचताना आता मला अब्बांचा दीड बोट उरलेला सुरा आठवतो. त्या बकरीदला माझ्या मुलाने त्याच सुऱ्याने पहिल्यांदा कुर्बानी केली. अम्मी दारात उभ्या होत्या. काम झाल्यावर तो सुरा धुऊन घेऊन आला आणि त्याने विचारले, "दादी, हा घासायचा का?"

"नको," अम्मी म्हणाल्या. "पूस, तेल लाव आणि ठेव. तुझ्या मुलालाही पुरायला पाहिजे."